दोन ठोक्यांची जागा

फोन वाजला तेव्हा वांदोवालीचे दोन्ही हात कांद्याच्या पातीत गुंतलेले. कमरेला इलॅस्टिकनं बांधलेल्या गोल फोमच्या बैठकीवर ती बसली होती आणि सरीतून तशीच बूड घासत पुढं सरकत होती. वारा समुद्रावरनं सरळ येत होता, मधे अडवायला झाड नाही. यंत्रानं उकरून ठेवलेली हातभर लांबीची जाडजूड पात उपटायची, माती झटकायची, पिवळं पान सोलायचं, जुडी बांधायची. जिंदो बेटावर हिवाळाभर बायांना हेच काम. संध्याकाळी उठायला गेलं की गुडघे आधी नाही म्हणतात, मग कंबर नाही म्हणते, आणि तरी उठावं लागतं.

"अगं, उचल की तो फोन," शेजारच्या सरीतली हेनामवाली ओरडली. "मोकपोचा यार असंल तुझा."

बाया खिदळल्या. लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरावरून हाक मारायची ही इथली रीत. हेनामची ती हेनामवाली, वांदोची ती वांदोवाली. नवऱ्यानं मात्र तसंही म्हणायचं नाही. मूल होईपर्यंत 'अगं', मूल झालं की अमक्याची आई. वांदोवाली घरात इनहोची आई होती. इनहो इनचॉनला कारखान्यात लागून, तिथंच बायको करून बसला, तरी ती आपली इनहोची आईच.

तिनं दातांनी हातमोजा ओढून काढला. फोन खरंच मोकपो शहरातलाच होता. सोकजून. चाळिशीचा माणूस, तळघरात गादीच्या तुकड्यांनी भिंती मढवून तिथं लोकांची गाणी यंत्रावर भरून द्यायचा. कुणी भरवून घ्यायला आलं नाही तर तिथंच झोपायचा.

"काकू, गाणं अडलंय," तो म्हणाला.

"कुठं अडलं?"

"रेडिओ स्टेशनवर. रेडिओवर लावण्याआधी त्यांची माणसं प्रत्येक गाणं तपासतात. तिसऱ्या कडव्यात कंपनीचं नाव आलंय ना, छोंगसो. पिकाच्या औषधाची कंपनी. जाहिरात होते म्हणतात. ते नाव काढल्याशिवाय लावणार नाहीत."

"जाहिरात?" वांदोवालीचा आवाज चढला. "अरं, फवारणीचा कॅन घेतला की दुकानदार ती टोपी फुकट डोक्यात घालतो. या सरीत बघ, आठ बाया हायत, पाच डोक्यांवर छोंगसोच हाय. आमाला कुणी पैसं दिलं न्हाईत मिरवायचं."

"मला कळतं हो काकू. पण त्यांचा नियम आहे. शब्द बदलून काकांकडून पुन्हा गाऊन घ्या असं..." आणि तो मधेच थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं.

"गाऊन घ्या म्हणं," वांदोवाली म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिच्या नवऱ्याचं, तेबोंगचं, गाणं होतं ते. जिंदोत गाणाऱ्याचं कुणाला कौतुक नाही. इथं मेलेल्या माणसाला पोचवतानाही गातात आणि म्हशीसारखी घोरणारी माणसंही साठीच्या समारंभात माइक सोडत नाहीत. तेबोंगची गोष्ट निराळी. तो स्वतःची गाणी रचायचा. ट्रॅक्टरवर बसून रचायचा, संडासात बसून रचायचा. गावच्या जत्रेत तो उठला की पत्ते खेळणारे पत्ते खाली ठेवत. रेडिओवर आपलं एक तरी गाणं लागावं हे त्याचं जन्माचं वेड. जवानीत दोनदा शहरात जाऊन स्टेशनच्या दारातून परत आला होता. तुमची कंपनी, म्हणजे गाणी काढणारी, कोणती, असं तिथल्या माणसानं विचारलं तेव्हा यानं शेतकरी संघाचं नाव सांगितलं. पोरं अजून चिडवत त्यावरून.

गेल्या शरदात त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, गाठ काढू, पण आवाज जाईल. त्यावर तेबोंगनं विचारलं, "चार दिवस थांबता येईल का?" त्या चार दिवसांत सोकजूनच्या तळघरात त्यानं एकच गाणं भरलं, 'टोपीखालचं तोंड'. शेवटी शेवटी थुंकीत रक्त येत होतं. आता त्याच्या तोंडातून श्वास तेवढा निघायचा. जवळ कान नेला तर शब्द कळायचे, नाहीतर फुस्स.

तेव्हा पुन्हा गाणार कोण?

संध्याकाळी तिनं त्याच्यापुढं भाताची पेज ठेवली, मुरवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे ठेवले आणि सगळं सांगितलं. तो चमचा हातात धरून ऐकत राहिला. छोंगसोचं नाव आल्यावर त्याची मान खाली गेली. तिला वाटलं संतापेल, भांडं आपटेल. तसं काही झालं नाही. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

"अवं, असं गप का? सोकजूनला म्हणू, तेवढा शब्द कापून टाक. कापता येतो म्हणं."

तो मानेनंच नको म्हणाला. मग खुणेनं तिचा कान जवळ बोलावला. "खड्डा पडंल," त्याचा श्वास म्हणाला.

"पडू दे खड्डा. रस्त्यावर खड्डं पडत्यात म्हणून लोक जायचं थांबत्यात व्हय?"

पण तिलाही ते पटलं नव्हतं. गाणं तिला पाठ होतं. ती गात नसे, एवढंच. अख्ख्या गावात न गाणारी बाई एकटी तीच. नवी नवरी असताना लोकांनी बळंच उभं केलं, तेव्हा गळ्यातून नुसती चिरकी निघाली आणि सासू देखील बाही तोंडाला लावून हसली. त्यानंतर वांदोवालीनं तोंड उघडलं ते जेवायला, बोलायला आणि भांडायला. गाणं तिनं नवऱ्यावर सोडलं होतं. आणि आता तो मुका आणि ही अशी.

दोन दिवसांनी ओला बर्फ पडला, शेतात पाय घालता येईना. दोघं आपली निळी छोटी ट्रक घेऊन मोकपोला गेली. पूल ओलांडेपर्यंत एकमेकांशी काही बोलली नाहीत. तो बोलूच शकत नव्हता, आणि तिला एकटीनं बोलायचा आताशा कंटाळा यायचा.

तळघरात दमटपणाचा आणि शेवयांच्या पाकिटांचा वास होता. सोकजूननं पाठीची खुर्ची काकांना दिली, काकूंना उलटी बादली. मग त्यानं शब्द कापलेलं गाणं लावलं.

वांदोवालीनं हे गाणं ऑपरेशननंतर ऐकलंच नव्हतं. तो आवाज आला आणि तिनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. समोर बसलेला हा वाळलेला, गळ्याला रुमाल गुंडाळलेला माणूस, आणि हा आवाज त्याचा. भरदार, थोडा फाटलेला, शब्दाच्या शेवटी हेल काढून सोडणारा. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. मग तिसरं.

वारा आला, पात वाकली,
चेहरा तेवढा वाकला न्हाई...

आणि पुढं दोन ठोके नुसता डफ. त्यानंतर एकदम,

...टोपीखाली बसलं
माझं माणूस, बोलत न्हाई.

तेबोंगनं डोळे मिटून घेतले. पायरी चुकल्यावर माणसाचं अंग जसं दचकतं, तसं त्याचं अंग दचकलेलं तिनं पाहिलं.

"ऐकवत न्हाई रे," तिनंच सांगून टाकलं.

"मग दुसऱ्या कुणीतरी तेवढा शब्द गायचा," सोकजून म्हणाला. "मागून कुणी साथ देतंय असं वाटेल. दोनच ठोक्यांचा शब्द हवा. कुठला घालू? 'जुन्या'? 'मळक्या'? काका, 'मळक्या टोपीखाली बसलं' कसं वाटतं?"

तेबोंगनं तोंड वाकडं केलं.

"'फाटक्या'? 'पिवळ्या'?"

"पिवळ्या टोपीत मी काय बदक दिसंन," वांदोवाली म्हणाली. एवढं बोलून गेल्यावर तिची तीच चपापली. टोपीखालचं ते माणूस म्हणजे आपण, हे तिनं आजवर कधी तोंडानं कबूल केलं नव्हतं. गावात विचारलं कुणी तर म्हणायची, काय ठावं, कुठल्या बाईवर केलंय.

तेबोंग उठला. सोकजूनच्या कानाशी वाकला. बराच वेळ फुसफुस चालली, एकदा ढास लागली, पुन्हा फुसफुस. सोकजून आधी हसला, मग हसायचा थांबला.

"काकू, तुमचं नाव काय?"

"वांदोवाली."

"ते नाही हो. आईबापांनी ठेवलेलं."

हा प्रश्न तिला दवाखान्यातल्या नर्सशिवाय कुणी विचारत नसे. "यांगनिम," ती म्हणाली.

"यांगनिम," सोकजूननं टेबलावर बोट वाजवून पाहिलं. "बरोबर दोन ठोके. काका म्हणतात, आधी तिथं हेच होतं. रचताना. मग गाताना त्यांनी छोंगसो घातलं."

वांदोवाली बादलीवरून उठली. तळघर एवढंसं, जायला जागा नाही, तरी ती उठली.

"व्हय का?" नवऱ्याकडं बघत ती म्हणाली. "मग गळा व्हता तवा का न्हाई गायला? चार दिवस हितं बसला व्हता, तवा तरी? रक्त थुंकून औषधाच्या कंपनीचं नाव गायला, आन् माझं घ्यायला काय जीभ झडली व्हती?"

तेबोंगनं तोंड उघडलं. तिला कान न्यावाच लागला, भांडायचं असलं तरी. तो म्हणाला, "लोक हसलं असतं."

खोटं नव्हतं ते. स्वतःच्या बायकोचं कौतुक चारचौघांत करणारा पुरुष म्हणजे अर्धवट, असंच इथं धरतात. जत्रेत, माइकवर, बायकोचं नाव घेऊन गाणं म्हणजे तर कहरच. पोरांनी मरेपर्यंत पिच्छा सोडला नसता. तिला हे सगळं माहीत होतं आणि तरी तिचा राग जाईना. रागापेक्षा वाईट वाटत होतं म्हणा. इतकी वर्षं पाठीला पाठ लावून पात उपटली, आणि याच्या पोटात आपलं नाव होतं हे आज, गळा गेल्यावर, परक्या माणसाच्या तोंडून कळतंय.

"आन् आता मीच माझं नाव घ्यायचं?" ती म्हणाली. "तुमी मोकळं. वा!"

"काकू, दुसऱ्या कुणा बाईला बोलावू का? मोकपोत गाणाऱ्या आहेत," सोकजून भीत भीत म्हणाला.

"माझं नाव मोकपोची बाई घेणार? सरक तिकडं. कुठं बोलायचं ते दाव."

कानांवर मोठाले हेडफोन चढवून तिला जाळीच्या माइकपुढं उभी केली. कानात नवऱ्याचा आवाज भरला. वारा आला, पात वाकली... जागा आली आणि गेली, हिच्या तोंडातून हू की चू नाही. दुसऱ्यांदा उशीर झाला. तिसऱ्यांदा एवढ्या जोरात ओरडली की सोकजूननं कानांवरचं काढून फेकलं. मग ती घामाघूम होऊन म्हणाली, "हे बग, मला गाता येत न्हाई. जलमभर आलं न्हाई."

"गाऊ नका," सोकजून म्हणाला. "कुणी नाव विचारलं, तर सांगता तसं सांगा."

तेबोंग तिच्या समोर येऊन उभा राहिला आणि हातानं ताल धरू लागला. जागा आली तेव्हा त्यानं हनुवटी वर केली, आणि तिनं सांगितलं. यांगनिम. जरा चिरकं, जरा रागातलं, पण वेळेवर. सोकजून म्हणाला, "झालं." परत येताना तिनं पुलावर एकदाच तोंड उघडलं. "सरीत कुणाला सांगितलंत तर बगा," ती म्हणाली. सांगणार कसा, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तेबोंग मात्र हसला आणि हसताना त्याला पुन्हा ढास लागली.

नवं गाणं तपासणीतून सुटलं. पण सुटलं म्हणजे लागलं असं नाही. त्या ढिगात हजार गाणी. दुपारच्या कार्यक्रमात ऐकणाऱ्यांनी आपली हकिकत कळवायची, गाणं मागायचं, आणि मग तिथली बाई निवडून लावायची, असा रिवाज. हे हेनामवालीला कळलं मात्र, तिनं लष्करच उभं केलं.

"काढा गं सगळ्यांनी फोन," चहाच्या सुट्टीत ती म्हणाली. "मी सांगती तसं पाठवा. नवऱ्याचा गळा गेला, गाणं राहिलं. तेबोंगचं गाणं लावा."

"तेबोंग माझा नवरा न्हाई गं," एक म्हातारी म्हणाली.

"त्यांना काय दिसतंय? पाठव."

झालं, वांदोवाली सोडून सातही जणींनी एकाच घटकेला, एकाच वाक्यात, तेबोंगला आपला नवरा करून टाकलं. रोज पाठवायच्या. मुकादम बोंबलायचा, पात कोण बांधणार, तुमचा रेडिओ? त्यालाही शेवटी एकीनं फोन काढायला लावला.

आणि एका दुपारी, जेवण उरकून बाया पुन्हा सरीत बसल्यावर, ट्रकच्या आरशाला टांगलेल्या रेडिओतून ती बाई हसत बोलली, "जिंदोतल्या एका काकांना बऱ्याच बायका आहेत असं दिसतंय. सगळ्यांचा एकच निरोप. नवऱ्याचा गळा गेला, गाणं राहिलं."

सरीत हशा पिकला. ट्रकवर जुड्या रचत असलेला तेबोंग तोंड लपवायला जागा शोधू लागला. गळा गेल्याचं साऱ्या मुलखाला कळलं याची त्याला लाज वाटली असावी. ती बाई मात्र बोलतच राहिली. काकांची तब्येत, बेटावरची थंडी, पातीचं सूप. वांदोवालीला वाटलं, बाई, आवर आता. एकदाचा डफ वाजला.

हात आपोआप थांबले. मुकादमही सिगारेट पेटवायची विसरून उभा राहिला. उघड्या शेतावर तो आवाज आला, वाऱ्यानं हलला, पुन्हा आला. तळघरात वाटला होता त्याहून मोठा वाटला. तेबोंग एक जुडी छातीशी धरून उभा होता आणि त्याचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. पहिलं कडवं संपलं. हेनामवालीनं हातमोज्यानंच डोळे पुसले आणि गालाला चिखल लावून घेतला. दुसरं संपलं. वांदोवालीनं टोपी खाली ओढली. आता येणार. आता साऱ्या गावात, साऱ्या मुलखात. लाज वाटत होती, आणि ते लवकर यावं असंही वाटत होतं.

मधला बासरीचा तुकडा सुरू झाला आणि हळूहळू बारीक होत गेला. बारीक झाला, विझला. टुक, टुक, टुक, टुऽक. एक वाजला होता. पुरुषी आवाजात बातम्या सुरू झाल्या.

"अरं!" हेनामवाली किंचाळली. "तिसरं? तिसरं कुठाय? मुडदा बशिवला त्या घड्याळाचा!"

"बडबड कमी केली असती तर बसलं असतं की सगळं," म्हातारी म्हणाली.

तेबोंगनं छातीशी धरलेली जुडी खाली ठेवली. ट्रकपाशी गेला आणि रेडिओ बंद केला. त्याच्या तोंडावर राग दिसला नाही. जन्मभर मागितलं ते अर्धं मिळालं होतं, आणि अर्ध्यासाठी कुणाशी भांडावं हे त्याला कळत नव्हतं. तो पाठमोरा उभा राहिला. वांदोवालीला ती पाठ बघवेना.

"ऱ्हाऊ दे गं बाई, आपुनच म्हणू," हेनामवालीनं गालाचा चिखल झटकला आणि खड्या आवाजात उचललं. सगळ्यांनाच पाठ होतं, इतकी वर्षं जत्रेत ऐकलेलं. बायांनी पुन्हा पातीला हात घातला आणि हातांच्या ठेक्यावर गायला लागल्या.

वारा आला, पात वाकली,
चेहरा तेवढा वाकला न्हाई,
छोंगसो...

"यांगनिम!"

हा आवाज एवढा चिरका आणि एवढा मोठा होता की सगळं गाणं जागच्या जागी बसलं. आठातल्या सात बायांनी मान वळवली. वांदोवाली उभी होती. कधी उठली ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. फोमची बैठक बुडाला तशीच लोंबत होती.

"काय म्हणालीस?" हेनामवालीनं विचारलं. "तिथं छोंगसो हाय."

"न्हाई. यांगनिम हाय. यांगनिम टोपीखाली बसलं, माझं माणूस, बोलत न्हाई." तिनं ते गायलंच म्हणायचं. सूर कुठल्या कुठं गेला होता, पण शेवटपर्यंत गायली.

"आन् ही यांगनिम कोण?"

शेजारच्या सरीत बसून हेनामवालीनं जन्म काढला होता. बाळंतपणात एकमेकींच्या घरी समुद्री शेवाळाचं सूप नेलं होतं, सासवांना शिव्या घातल्या होत्या. आणि हेनामवाली खरंच विचारत होती.

"मी," ती म्हणाली. "यांगनिम म्हंजे मी. माझं नाव हाय ते."

म्हातारी फिस्सकन हसली, आणि तिच्या मागोमाग सगळ्याच. "अगं बया! तेबोंगनं बायकोचं नाव गायलं!" "म्हातारपणी थेर!" "मुकादम, ऐकलं का?" तेबोंगला ज्याची धास्ती होती ते सगळं झालं, अगदी तसंच झालं. त्याचे कान पात सोललेल्या बोटांसारखे लाल झाले. हेनामवाली हसता हसता सरीत आडवी झाली, आणि मग उठून बसली तेव्हा ती हसत नव्हती.

"यांगनिम," तिनं म्हणून पाहिलं. "चांगलं हाय की. सांगायचं न्हाई व्हय गं, इतक्या वर्सांत?"

"तुमी कुटं इचारलं?"

तेबोंग ट्रककडून निघाला आणि सरीतून चालत आला. बाया त्याच्याकडं बघत होत्या, मुकादम बघत होता, त्याची मान खाली होती, पण तो थांबला नाही. तिच्यापाशी येऊन उभा राहिला. बांधायची दोरी तिच्या कमरेला खोचलेली होती, आणि त्याच्या पायाशी सुट्या जुड्यांचा ढीग पडला होता. त्यानं तोंड उघडलं. आवाज नव्हताच, श्वास होता, तोही वारा घेऊन चालला होता. तिनं कान पुढं केला नाही. ओठांवरूनच तिला कळलं.

"यांगनिम, दोरी दे," तो म्हणाला.

यांगनिमनं कमरेची दोरी ओढून त्याच्या हातात दिली.